काचेवर हात टेकत नाहीत

दुपारी जेवून आडवी झाले की माझी बोटं आपोआप चालू होतात. गोधडीवर, उशीवर, नाहीतर स्वतःच्याच पोटावर. शेजारी भांडण चाललं असेल तर ते भांडण मी टाइप करत असते. स्टँडवरून कंडक्टरची "कोल्हापूर, कोल्हापूर" अशी हाक आली की चार-पाचदा कोल्हापूर उमटतं. डोळे अर्धे मिटलेले असतात, पंखा घरघरत असतो आणि बोटांखालून एक न दिसणारा कागद वर सरकत असतो. सून म्हणते, "आत्ती, झोपेत बिड्या वळायला लागलाय काय?" निपाणीत कुणाची बोटं हलली की लोकांना बिडीच आठवते, त्याला कोण काय करणार!

मी बिडी कधी वळली नाही. मी टायपिंग शिकवलं, तीस-बत्तीस वर्षं. तंबाखूच्या वखारीवरच्या माडीत आमचा क्लास होता. इंग्रजी, मराठी आणि कन्नड, तिन्ही भाषांची मशीनं तीन भिंतींना लावलेली. तंबाखूचा हंगाम सुरू झाला की खालून धूळ वर यायची आणि अख्खा क्लास शिंकायचा. शिंक आली आणि भलतंच अक्षर उमटलं तर ती चूक मी धरत नसे. बाकी सगळ्या चुका धरायची. पोरी मला पाठीमागं काय काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही.

ज्यांनी टाइपरायटर फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. मशीनला कळांच्या ओळी असतात. मधल्या ओळीवर आठ बोटं टेकून बसायचं. हे टेकणं म्हणजे सगळी विद्या. तिथून बोट उठतं, आपल्या अक्षरावर जातं, मारतं आणि घरी परत येतं. डोळे शेजारच्या मजकुरावर ठेवायचे, हातांकडं बघायचं नाही. माझ्या क्लासात कळांवरची अक्षरं चिकटपट्टी लावून झाकलेली असायची, आणि एवढं करूनही कुणी मान खाली घातलीच तर हातांवर पुठ्ठ्याचा खोका उपडा घालायची. ओळ संपत आली की मशीनमधली घंटी टिंग करते. मग डाव्या हातानं वरचा गाडा ढकलायचा की नवी ओळ. पंचवीस जणी एकदम शिकत असल्या की तो आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा यायचा, आणि मधूनच कुठूनतरी टिंग. त्या आवाजात मला फार गाढ वाटायचं. जागी असून झोपल्यासारखं.

परीक्षेला मशीन आपलं आपण न्यायचं, असा तेव्हा रिवाज होता. परीक्षा बेळगावात. त्या दिवशी सकाळी निपाणी स्टँडवर माझ्या पोरी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टाइपरायटर, अशा रांगेनं उभ्या असत. कंडक्टर ओरडायचा, "ओ बाई, ह्याचं लगेज लागतंय!" मी म्हणायची, "पोरगीला मांडीवर घेतल्यासारखं घेत्यात त्यास्नी. मांडीवरच्या पोराचं कधी लगेज लावतायसा काय?" धुक्यातनं बस घाट चढायची आणि प्रत्येक पोरीच्या मांडीवर एक काळं मशीन डुलत असायचं. अजून तो प्रवास मला स्वप्नात दिसतो. स्वप्नात बेळगाव येतच नाही.

गिऱ्हाइकंही यायची, अर्ज टाइप करून घ्यायला. एक आप्पा दर महिन्याला शेजाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन यायचे. आमच्या मशीनच्या शाईच्या रिबिनीचा वरचा पट्टा काळा आणि खालचा लाल असायचा. त्यांचा हट्ट, की अर्ज सगळा लाल शाईत पाहिजे. "आप्पा, सरकारी अर्ज काळाच असतो," मी सांगायची. "मग सायबास्नी माझा राग कळणार कसा?" शेवटी आम्ही तडजोड केली. अर्ज काळा आणि शेजाऱ्याचं नाव तेवढं लाल. आप्पा खूश. त्या तक्रारींचं पुढं काय झालं देव जाणे, पण ते वारले तेव्हा तो शेजारीच आठ दिवस त्यांच्या ओट्यावर बसून होता.

आता ज्या दोघींसाठी हे लिहायला बसले त्यांच्याकडं वळते. दोघींना विचारून लिहितेय, नावं तेवढी बदललीत.

पद्मा आणि कुसुम या सख्ख्या बहिणी. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या पोरी, घरात कानडी आणि बाजारात मराठी. पद्मा अठराची, कुसुम तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कुसुमला लहानपणी ताप आला आणि त्यात कान गेले, ठार गेले. बोलायची, पण सगळं एका सुरात. समोरच्याच्या ओठांकडं बघून त्याचं बोलणं ओळखायची. दोघींना टायपिंग शिकायचं होतं.

मी कुसुमकडं बघून मान हलवली. म्हटलं, "हिला घंटी ऐकू येणार न्हाय. ओळ संपलेली कळणार कशी?"

पद्मा म्हणाली, "आक्का बघून शिकंल की, बाई."

"माझ्या क्लासात बघून कोण शिकत न्हाय," मी म्हटलं. त्या वेळी मला हे वाक्य लई भारी वाटलं होतं. कुसुमनं ते माझ्या ओठांवरून वाचलं, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली.

मशीनला पुढं मोजपट्टी असते. ओळ कुठवर आली ते तिच्यावर दिसतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला तेवढं पुरलं असतं. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. ते मला पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी भांडी घासताना कळलं आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. लाज वाटते. हा प्रसंग गाळावा असं मनात होतं, पण कुसुमनंच बजावलं, "बाईंनी मला घालवलं ते पण लिवा. वगळू नका."

पद्मा शिकली. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तिच्यासारखा हात दुसरा नाही. टाइप करताना खिडकीतनं बाहेर बघत बसायची, वखारीच्या कौलांवरची कबुतरं मोजायची आणि कागदावर एक चूक सापडायची नाही. सोसायटीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली, लग्न निपाणीतच झालं. कुसुमनं लग्न केलं नाही. ती बेळगावजवळ हिंडलग्याला मामाच्या दोन खोल्यांत राहिली आणि शिवणकाम करत राहिली. पद्मा दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर तिला एक पत्र टाइप करायची. आमच्याकडं बायकाही "मी गेलतो, मी आलतो" असं बोलतात, आणि पत्रंही तशाच बोलीत. सासू, जाऊ, नवरा, पुढं सून, सगळ्यांचा उद्धार त्यात असायचा. कुसुम ती पत्रं शिलाई मशीनच्या खणात ठेवायची.

मग मोबाइल आले. आधी कळांचे आणि नंतर नुसत्या काचेचे.

क्लास बंद झाल्यावर मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसते, लोकांचे अंगठे बघत. आमच्या विद्येत अंगठ्याला एकच काम होतं, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची. आता तो मालक झालाय. बाकीची आठ बोटं फोन सावरत मागं लपून बसतात. कॉलेजच्या पोरी दोन्ही अंगठ्यांनी असं लिहितात की नजर ठरत नाही. म्हातारी माणसं एकाच बोटानं ढेकूण चिरडल्यासारखी अक्षरं दाबतात. कुणी बोट न उचलता काचेवर नुसतं फिरवतो आणि शब्द तयार होतो. कुणी लिहीतच नाही, फोन तोंडापुढं धरून बोलतो. "मी" लिहिलं की पुढचे दोन-तीन शब्द फोनच पुढ्यात आणून ठेवतो, निवडून घ्या म्हणतो. एवढी माणसं एकाच वेळी टाइप करतायत आणि आवाज म्हणून नाही. पाण्याखाली बसून बघावं तसं वाटतं मला. तास तास बसते.

यातली सगळ्यांत हुशार कोण निघाली? कुसुम. भाच्याच्या बायकोनं, म्हणजे पद्माच्याच सुनेनं, फोन दाखवला आणि दोन दिवसांत हिचे अंगठे धावायला लागले. काचेला घंटी नाही, पुठ्ठा नाही आणि बघायचं नाही असं दटावणारी बाईही नाही. तिनंच मागं लागून पद्माला मोठा फोन घ्यायला लावला. शनिवारचं पत्र बंद झालं आणि रोजचं बोलणं सुरू झालं. सकाळी काय केलं, भाजी काय, सून काय म्हणाली. कुसुमला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दिवसभर गप्पा मारायला मिळालं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी पद्मा माझ्याकडं आली. तिच्या सुनेचा हात धरून आली. आत आल्यावर सुनेला म्हणाली, "जा गं, तू बाजार करून ये." मग माझ्याकडं वळून, "गेली काय बघा, बाई."

"गेली."

"दार लावा."

मी दार लावलं. ती खुर्चीवर बसली आणि माझ्या खांद्यापलीकडं भिंतीकडं बघत बोलायला लागली. "डोळ्यातलं मधलं सगळं गेलंय. डॉक्टर म्हणत्यात पडदा खराब झालाय, परत यायचं न्हाय. तुमच्याकडं सरळ बघितलं तर तुमचं तोंडच न्हाय, नुसता काळा गोळा. बाजूला बघितलं की कडंला तुम्ही थोड्या दिसतासा."

"कुसुमला ठाऊक आहे?"

"न्हाय. तिचे कान मी. माझे डोळे गेले म्हटलं तर खचंल ती. म्हणून लपवलं. आता भलतंच झालंय."

तिनं फोन पुढं केला. फोनला लिहिलेलं वाचून दाखवायची सोय आहे, त्यामुळं कुसुमचं आलेलं तिला ऐकता येई, उत्तर मात्र लिहिता येत नव्हतं. तिनं एक ठिकाण दाबलं आणि फोनमधली परकी बाई वाचायला लागली: "पद्मे, महिना झाला तू लिवत न्हाईस. दिवाळीत घरी आलतो तर तोंड फिरवून बोललीस. तुझे ओठ पण मला दिसू दिले न्हाईस. माझं काय चुकलं ते सांग. ह्या रविवारपर्यंत वाट बघतो. मग परत लिवणार न्हाय, यायची पण न्हाय."

त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे हातात सहा दिवस. कुसुम बोलल्याप्रमाणं करणारी बाई आहे, हे मला जिन्यावरच्या त्या पायांवरून माहीत होतं.

मी म्हटलं, "सुनेला सांग की लिहायला."

"सुनंबद्दल लिवायचं असतंय आमाला. ते सुनंकडनंच लिवून घेऊ व्हय?"

"मग बोलून लिही. फोन उतरवून घेतो म्हणे."

"लई वरडावं लागतंय. घरभर ऐकू जातंय. आन त्याला आमचं बोलणं कळंना, दुसरंच कायतरी लिवतंय."

"बरं, मग मी लिहिते. तू सांग."

पद्मानं फोन परत मांडीवर घेतला. मग भिंतीकडंच बघत म्हणाली, "तुम्ही न्हाय, बाई. तुम्ही तिला जिन्यावरनं घालवलासा." आणि पुढं म्हणाली, "माझ्या हातनं गेलं पायजे. दुसऱ्यानं लिवलेलं ती लगेच वळखतीय. मग खरं बी मानणार न्हाय."

चाळीस वर्षांनी कुणी हिशेब सांगावा तर असा. मी उठून तोंड धुऊन आले आणि म्हटलं, "ठीक. मी तुला परत शिकवते."

आणि पहिलं पाऊलच चुकीचं टाकलं. टायपिंगच्या बाईनंच करावी अशी ही चूक. मला वाटलं, बोटांना अक्षर लागलं की झालं. कपाटातलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि फोनच्या काचेवर एकेका अक्षराच्या जागी एकेक टिकली चिकटवली. मधल्या ओळीला मोठ्या टिकल्या, बाकीच्यांना बारीक. फोन अगदी नवरीसारखा सजला. दोन दिवस मी तिला टिकल्या पाठ करायला लावल्या. पण तिचा हात तयार हात होता. तयार हात आधी टेकतो. ती बोटं टेकायची आणि काच प्रत्येक टेकण्याला अक्षर समजायची. एक अक्षर दाबलं की बाकीची आपली जागा बदलायची. फोन जरा कलता झाला की सगळी पाटीच आडवी व्हायची आणि टिकल्या राहायच्या भलतीकडं. बुधवारी तिनं चिकाटीनं बरंच काही लिहून पाठवलं. ते गेलं मंदिराच्या ग्रुपवर. मजकूर काय, तर ओळभर ढ. दहा मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले.

आम्ही हसलो, पण पद्माचं हसू लगेच विरलं. ती बोटांनी टिकल्या एकेक करून खरवडून काढायला लागली. "बाई, ह्या काचंवर हात टेकत न्हाईत. हात टेकला न्हाय तर मला काय सुचतच न्हाय." तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. त्या डोळ्यांतनं धड दिसत नव्हतं, पाणी मात्र येत होतं. आठ बोटं टेकून बसायची सवय मीच तर लावली होती, खोका घालून घालून.

गुरुवारी मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसले. म्हटलं, "संगणकाला असतो तसला कळांचा बोर्ड ह्या फोनला जोडून दे, आणि अक्षरांची मांडणी जुन्या मराठी टाइपरायटरची पाहिजे." दुकानदारानं वर न बघताच सांगितलं, "आगल्ल, अम्मा." होणार नाही म्हणे. मी खुर्ची ओढून घेतली. "आगतैती, माडप्पा," म्हटलं. होतंय, कर बाबा. शुक्रवारी पुन्हा गेले, शनिवारी पुन्हा. माझ्यामुळं त्याची गिऱ्हाइकं परत फिरायला लागली तेव्हा त्यानं मनावर घेतलं. छोट्याशा वायरीनं बोर्ड जोडला, कुठून कुठून शोधून ती जुनी मांडणी फोनात घातली. शनिवारी संध्याकाळी मी दुकानातच उभ्या उभ्या एक बोट मारलं आणि फोनवर बरोबर ते अक्षर आलं. मी त्या माणसाचा गालगुच्चा घेतला. पन्नाशीचा असेल.

रविवारी दुपारी पद्मा माझ्या जेवणाच्या टेबलापाशी बसली. मी बोर्ड तिच्या पुढ्यात ठेवला. असल्या बोर्डावर मधल्या ओळीतल्या दोन कळांना बारीक उंचवटे असतात. तिच्या बोटांनी ते शोधले आणि आठ बोटं आपापल्या जागी बसली. तिचे खांदे खाली आले, पाठ ताठ झाली. एक मोठा श्वास सोडून तिनं खिडकीकडं तोंड केलं.

"बाई, बघू नका."

मी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं. बाहेर ऊन पिवळं झालं होतं आणि आतून कळांचा आवाज येत होता, मऊ, पूर्वीच्या मानानं अगदीच हळू. मी ओट्याला टेकून ऐकत उभी राहिले. कुठं अडखळली तेही कळत होतं. पाणी उकळून निम्मं झालं तरी मी पावडर घातली नाही.

"बाई, झालं. चुका बघता काय?"

पडद्यावर लिहिलं होतं: "आक्का, मी तोंड फिरवलं न्हाय. माझ्या डोळ्यातलं मधलं गेलंय. तुझ्याकडं सरळ बघितलं की तूच दिसत न्हाईस. बाजूला बघितलं की कडंला तू दिसतीस. दिवाळीत मी तुलाच बघत होतो. हे माझ्या हातनं लिवलंय."

दोन चुका होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी चुका लपवल्या. म्हटलं, "एक पण न्हाय. पाठवू?"

"पाठवा."

पाठवलं. दोन खुणा निळ्या झाल्या. "वाचलं तिनं," मी सांगितलं. मग वर आलं की ती टाइप करतेय. मी तेही सांगितलं. ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. पद्मा विचारायची, "लिवतीया?" मी म्हणायची, "थांबली." परत, "आता?" "लिहितेय." तिकडं हिंडलग्यात ते अंगठे काय काय लिहून पुसत होते कोण जाणे. इकडं पद्माची बोटं कळांवर टेकलेली, जराही हलत नव्हती.

फोन वाजला. पद्मानं कानातली वायर काढून टाकली, मलाही ऐकू यावं म्हणून. ती परकी बाई तिच्या कोरड्या, शहरी आवाजात वाचायला लागली.

"पद्मे, उद्या सकाळच्या गाडीनं यायलोय. कुठल्या बाजूला बसलो म्हंजे मी तुला दिसतो, ते तेवढं सांग."

पद्मानं उजवा हात उचलून पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या हातानं, एकेक अक्षर शोधत, तिनं लिहिलं, "डाव्या."